हिशेब करणारी बुद्धी, नियम घालणारी बुद्धी

२००४ साली मी आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा सचिव होतो. चाळीस बिऱ्हाडांची इमारत आणि दोन वर्षे टँकरचे पाणी. कागदपत्रे पूर्ण होती, शुल्क भरलेले होते, तरी नळजोडणीची फाइल एका टेबलावरून पुढे सरकत नव्हती. शेवटी एका जाणकाराने सुचवले तसे आठ हजार रुपये पाकिटात घालून दिले. अकराव्या दिवशी नळाला पाणी आले. सोसायटीच्या वहीत त्या रकमेसमोर मी लिहिले, 'किरकोळ खर्च'. मी वाणिज्य शाखेचा माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. माझ्या हातची जाणूनबुजून केलेली खोटी नोंद तेवढी एकच.

तत्त्वज्ञान मी कुठल्या वर्गात बसून शिकलो नाही. त्याची ओढ लागली ती पुढच्या वर्षी, ग्रंथालयातून आणलेल्या 'गीतारहस्या'मुळे. टिळकांनी हा ग्रंथ १९१०-११च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिला आणि तो १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या 'आधिभौतिक सुखवाद' या प्रकरणात एक दाखला आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात ट्राम सुरू करायची होती. ती लोकांच्या सोयीची होती, पण सरकारी परवानगीला उशीर होत होता. तेव्हा व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना पैसे चारून परवानगी मिळवली. ट्राम धावू लागली, शहराची सोय झाली. पुढे प्रकरण उघडकीस आले आणि खटला उभा राहिला. टिळकांचा प्रश्न असा की, 'पुष्कळांचे पुष्कळ सुख' हीच कसोटी असेल, तर या माणसाला दोषी कसे ठरवायचे? ते पान वाचताना माझे कान तापले. ट्रामच्या जागी नळ घातला की ती माझीच गोष्ट होती.

या वादाची मांडणी आपल्याकडे बहुधा अशी केली जाते : उपयुक्ततावाद म्हणजे डोक्याने चालणारी, व्यवहारी नीती आणि कर्तव्यवाद म्हणजे 'आज्ञा आहे म्हणून पाळा' असे सांगणारी कर्मठ नीती. गेली वीस वर्षे हे ग्रंथ वाचताना माझे मत उलट होत गेले. बुद्धीला दोन्ही पक्ष मानतात. मतभेद आहे तो तिच्याकडे कोणते काम सोपवायचे, याबद्दल.

बेंथॅमचा मुख्य ग्रंथ १७८९चा. त्याच्या मते माणूस सुख आणि दुःख या दोन धन्यांच्या ताब्यात जन्माला येतो. काय हवे, हे निसर्गाने आधीच ठरवून ठेवले आहे. बुद्धीने फक्त मोजायचे. त्यासाठी त्याने सात मापे दिली : सुखाची तीव्रता, त्याचा कालावधी, निश्चितता, निकटता, त्यातून आणखी सुख निपजण्याची शक्यता, त्यात दुःखाची भेसळ नसणे, आणि ते किती लोकांपर्यंत पोचते ती व्याप्ती. त्याच्या आधी ह्यूमने सांगून ठेवले होते की, बुद्धी आपण होऊन कोणतेही साध्य ठरवत नाही, ती भावनांच्या चाकरीत असते. थोडक्यात, येथे बुद्धी म्हणजे पेढीवरचा मुनीम. पेढी कशासाठी काढली, हे त्याने विचारायचे नाही. जमा-खर्च मात्र चोख हवा.

कांटला ही चाकरी मान्य नव्हती. १७८५च्या आपल्या नीतिविषयक पुस्तकात तो म्हणतो, बुद्धी केवळ साधने शोधणारी असेल, तर तिचा प्रत्येक आदेश सशर्त राहील : 'अमुक हवे असेल तर तमुक कर.' नीतीचा आदेश मात्र बिनशर्त असतो. तो बाहेरून, राजाकडून किंवा धर्मग्रंथातून आला तर आपण नुसते ताबेदार ठरतो. म्हणून नियम घालून देणारीही आपली बुद्धीच असली पाहिजे. त्यासाठी तिच्याजवळ एक कसोटी आहे : आपल्या कृतीमागचे सूत्र सर्वांसाठी नियम व्हावे, असे आपल्याला विसंगतीत न सापडता इच्छिता येते का?

कांटचे उदाहरण आहे परत करायचे नाहीत हे ठाऊक असूनही 'परत करीन' असे वचन देऊन पैसे उसने घेणाऱ्या माणसाचे. हा नियम सर्वांचा झाला, तर वचनावर कुणी विश्वासच ठेवणार नाही आणि ज्या वचनाच्या आधाराने पैसे मिळवायचे ते वचनच उरणार नाही. हीच कसोटी मी माझ्या पाकिटाला लावली. माझे सूत्र होते, 'काम अडले तर पैसे देऊन रांगेत पुढे जावे.' सर्वांनी तसे केले तर रांगच उरत नाही. म्हणजे मी जे विकत घेतले, ते इतरांनी तसे न करण्यावर अवलंबून होते. रांग मोडणाऱ्याला इतरांची रांग शाबूत हवी असते. कांट येथे 'लाच दिलीस तर वाईट होईल' असे परिणामांचे भय दाखवत नाही. तो दाखवतो की मी स्वतःसाठी एक सवलत मागत होतो, आणि ती सर्वांना देता येणार नाही हे माझ्याच बुद्धीला कळत होते.

मात्र कांटपुढे सरळ हात जोडून मोकळे होता येत नाही. १७९७ साली फ्रेंच विचारवंत बेंजामिन कॉन्स्टंटला उत्तर देताना त्याने लिहिले की, घरात लपलेल्या मित्राचा ठावठिकाणा त्याचा खुनी विचारू लागला तरी खोटे बोलण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. हे वाचून अंगावर काटा येतो. तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवणाऱ्या बाळंतिणीला मी काय सांगायचे होते? 'ताई, माझे सूत्र सार्वत्रिक होत नाही, तेव्हा आणखी वर्षभर थांबा' असे? नियम घालणाऱ्या बुद्धीला माणसाची तहान दिसतच नसेल, तर तिचा अभिमान बाळगण्यात अर्थ नाही.

मग मी पुन्हा मुनिमाकडे वळलो आणि लक्षात आले की माझा हिशेबही कच्चाच होता. मी चाळीस बिऱ्हाडे मोजली. त्या टेबलावर आमच्या आधी आलेल्या फाइली मोजल्या नाहीत. पैसे घेणाऱ्याची भीड चेपते, पुढच्या गरजूला दर वाढवून सांगितला जातो, हेही मोजले नाही. बेंथॅमचा दंडक आहे की हिशेबात प्रत्येकाचे वजन सारखे धरायचे. आपला-परका करायचा नाही. मिलने तो उचलून धरला. आयुष्याची पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत नोकरी केलेला हा माणूस माझ्या बाजूने साक्षीला उभा राहिला असता, असे मला वाटत नाही.

पण हा समानतेचा दंडक आला कोठून? बेरीज करून तो मिळत नाही, बेरीज सुरू होण्याआधी तो मान्य करावा लागतो. प्रत्येकाला स्वतःचे सुख हवे असते, एवढ्यावरून प्रत्येकाने सर्वांचे सुख पाहावे असे निघत नाही. मिलच्या १८६१च्या निबंधातली ही फट हेन्री सिज्विकला नेमकी दिसली. १८७४च्या आपल्या ग्रंथात त्याने कबूल केले की, 'माझे हित दुसऱ्या कुणाच्या तेवढ्याच हितापेक्षा मोठे नाही' हे तत्त्व बुद्धीला थेट पटावे लागते. मिलकडून निघालेला हा उपयुक्ततावादी वाटेत कांटकडे थांबून आला होता, हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. स्वतःचे हित पाहणेही बुद्धीला तितकेच रास्त वाटते आणि या दोहोंचा मेळ बसवता येत नाही, हेही त्याने लपवले नाही. सारांश, मुनिमाच्या वहीच्या पहिल्या पानावर एक नियम आधीच लिहिलेला असतो आणि तो मुनिमाच्या अक्षरातला नसतो.

तरी दोघांत एक भेद शेवटपर्यंत उरतो, आणि माझी नोंद नेमकी त्यावर बोट ठेवते. सिज्विकने हिशेबाशी प्रामाणिक राहून असेही म्हटले की, जे उघडपणे सांगणे अयोग्य ठरेल ते गुपचूप करणे कधी कधी योग्य असू शकते. याउलट १७९५च्या शाश्वत शांततेवरील निबंधात कांट म्हणतो की, दुसऱ्यांच्या हक्काशी संबंध असलेली जी कृती तिचे सूत्र जाहीर केल्यावर टिकूच शकत नाही, ती अन्याय्य होय. कांटचा रोख राज्यकारभारावर आहे. पण चाळीस घरांची सोसायटी हेही एक छोटे राज्यच. वहीत मी खरा तपशील का लिहिला नाही, याचे उत्तर मला येथे मिळाले. हिशेबनीस म्हणून मला खात्री होती की सौदा फायद्याचा आहे. तरी तो चारचौघांत वाचून दाखवण्याची माझी तयारी नव्हती.

सचिवपद सोडले त्या वर्षीच्या वार्षिक सभेत मी ते सांगितले. बहुतेक जण हसले. 'अहो, तेव्हाच कळलं होतं आम्हाला,' असे एक जण म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पाणी मलाही हवंच होतं. पण तुम्ही ते पैसे माझ्या वतीने दिलेत आणि मला विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी कदाचित हो म्हटलं असतं. आता ते 'हो' माझं नाही आणि 'नाही'ही माझं नाही."

बाईंनी कांट वाचला असेल-नसेल. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, या त्याच्या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. मी त्यांच्या सुखाचा हिशेब चोख केला होता. त्यांच्याकडेही बुद्धी आहे, हे मात्र हिशेबात धरले नव्हते.

पुन्हा तशी वेळ आली तर पाकीट देणारच नाही, अशी शपथ मला आजही घेववत नाही. एवढे ठरवले आहे की, आधी सभा बोलवायची, आणि जे करायचे त्याचे नाव वहीत जसेच्या तसे लिहायचे. तसे लिहिण्याची हिंमत होत नसेल, तर आपल्या बुद्धीने निकाल आधीच दिलेला आहे असे समजायचे.