वाटेवरची चव – ९ : मुन्नारच्या अलीकडचं चॉकलेट

मागच्या भागात मिरीचा माग काढत आपण केरळच्या इडुक्की जिल्ह्यात पोहोचलो होतो. तिथेच आणखी एक आठवडा थांबू या, कारण ज्या झाडांवर मिरीचे वेल चढतात त्यांच्याच सावलीत कोको वाढतो, आणि त्याच्याकडे आपल्या लोकांचं लक्ष जात नाही.

कोचीहून मुन्नारला निघालेली गाडी नेर्यमंगलमला पेरियार नदी ओलांडते आणि चढ लागतो. तिथून अडिमालीपर्यंत घराघरामागे मिश्र बागा दिसतात. वर नारळ-सुपारी, मधे जायफळ, खाली कोको. हे सगळं मागे टाकून पर्यटक मुन्नारच्या बाजारात शिरतो आणि ‘होममेड चॉकलेट’ची पाकिटं भरून घेतो. त्या चॉकलेटचा वाटेवरच्या झाडांशी बहुधा काहीही संबंध नसतो. लोणावळा, महाबळेश्वर, उटी, सगळीकडे बहुतेक दुकानांची रीत एकच. कारखान्यातून आलेल्या तयार लाद्या वितळवायच्या, काजू-बेदाणे घालायचे, साच्यात ओतायच्या. स्वस्त लाद्यांत कोको बटरऐवजी घट्ट केलेलं वनस्पती तेल असतं. धंद्यात त्याला कंपाउंड म्हणतात. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडातल्या उबेनेच वितळतं. कंपाउंड टाळूला मेणासारखं चिकटून राहतं.

(प्रत्येक वेगळी चरबी वाईट असते असं नाही. युरोपीय संघाने चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय ज्या सहा वनस्पती चरबी थोड्या प्रमाणात वापरायला परवानगी दिली आहे, त्यांत आपल्या कोकमाच्या बियांचं तेल आहे. कोकणात आपण भेगाळलेल्या टाचांना लावतो, तेच.)

बागेत शिरल्यावर पहिलं नवल म्हणजे फळं फांद्यांच्या टोकांना नसतात, थेट खोडाला लगडलेली असतात. फुलं इवलीशी; त्यांचं परागीभवन चिलटाएवढे कीटक करतात. फुलातून पिकलेलं फळ व्हायला पाच-सहा महिने लागतात. फळ फोडलं की पांढऱ्या, बुळबुळीत गरात गुरफटलेल्या तीस-चाळीस बिया निघतात. गर आंबट-गोड, फार सुरेख लागतो. तो चोखून पाहिल्याशिवाय बागेतून निघू नये. बी मात्र आतून जांभळट आणि कडू-तुरट. चॉकलेटचा मागमूस नाही.

चॉकलेटची चव जन्माला येते ती पुढच्या आठवड्यात, आणि ती शेतावरच. गरासकट बिया लाकडी पेटीत भरून वर केळीची पानं झाकतात. गरातल्या साखरेचं आधी मद्य होतं, मग जिवाणू त्याचं आम्ल करतात. ढीग तापत पन्नास अंशांच्या जवळ जातो. त्या उष्णतेने आणि आम्लाने बीमधला अंकुर मरतो, आतली प्रथिनं आणि साखर सुटी होतात, आणि पुढे भाजताना त्यांच्यातूनच तो ओळखीचा वास उठतो. दर दोन दिवसांनी ढीग खालीवर करावा लागतो. पाच-सात दिवसांनी बिया उन्हात. हे चुकलं, तर पुढे कितीही महागडी यंत्रं लावा, तुरटपणा जात नाही.

छोट्या शेतकऱ्याची अडचण इथेच आहे. एका घरची तोडणी थोडी. छोटा ढीग नीट तापत नाही. पावसाळ्यात बिया वाळत नाहीत. चुलीवर वाळवल्या तर धूर आत मुरतो आणि चॉकलेटपर्यंत पोहोचतो. म्हणून अनेकजण ओल्याच बिया व्यापाऱ्याला देतात. साधारण तीन किलो ओल्या बियांची एक किलो कोरडी बी होते. शंभर घरच्या बिया एकत्र मिसळल्या की कोणत्या उतारावर काय चव होती, हे कायमचं पुसलं जातं. मला याचं फार वाईट वाटतं.

या पिकाने शेतकऱ्याला फसवलंही आहे. कॅडबरीने १९६५ मध्ये वायनाडच्या चुंडेलला प्रायोगिक लागवड केली, पुढे कोको पसरला, आणि १९८० च्या सुमारास भाव कोसळल्यावर लोकांनी झाडं उपटून टाकली. तेव्हा मंगळूरची कॅम्पको ही सुपारी उत्पादकांची सहकारी संस्था खरेदीला उतरली. १९८६ मध्ये तिने पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना काढला. २०२४ मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्टचं पीक घटलं आणि इडुक्कीत कोरड्या बियांचा भाव किलोला हजार रुपयांपुढे गेला. तो टिकला नाही.

म्हणून ऑरोविलची मेसन अँड कंपनी, मैसूरची नाविलुना, कोचीची पॉल अँड माइक यांच्यासारख्या, बियांपासून चॉकलेट करणाऱ्यांचं काम मला मोलाचं वाटतं. चांगल्या आंबवलेल्या बियांना गिऱ्हाईक असेल, तरच घरामागच्या पेटीला अर्थ उरतो.

जायचं असेल तर सप्टेंबर ते जानेवारी, नाहीतर एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत. तेव्हा तोडणी जोरात असते. रस्त्यावरच्या तिकिटाच्या मसाला बागांत कोकोचं झाड दाखवतात, पण आंबवण्याची पेटी क्वचितच. मुक्कामाच्या घरी विचारा. यजमानांना ‘चेट्टा’ (दादा), ‘चेची’ (ताई) अशी हाक मारून विचारलं की शेजारच्या बागेची वाट सापडते. बाग दाखवणाऱ्याचा अर्धा दिवस मोडतो, त्याचे पैसे आपणहून द्या. तिथल्या बियांचं चॉकलेट मिळालं तर सत्तर टक्क्यांचं, काही न मिसळलेलं घ्या. वेष्टनावर कोको बटर लिहिलंय ना, बिया कुठल्या ते सांगितलंय ना, हे बघा. तुकडा चावू नका, जिभेवर ठेवा. आधी फळांचा आंबटपणा येईल, कडूपणा मागून. धुराचा वास आला, तर त्या बिया पावसात वाळवल्या असाव्यात.

पुढच्या भागात : वंडनमेडूचा वेलदोड्याचा लिलाव.