पर्जन्यजल तळी, रस्त्याकाठची

महामार्गाच्या पृष्ठावरून वाहत येणारे पावसाचे पाणी काही काळ थोपवून, त्यातील गाळ व प्रदूषके खाली बसल्यावर ते सावकाश ओढ्यात सोडण्यासाठी बांधलेली तळी व पाणथळी. पूर व प्रदूषण यांना आळा घालणे हा त्यांचा मूळ हेतू होय. तथापि पाणी साचून राहिले की तेथे चतुर, टाचण्या, पाणढेकूण, गोगलगायी व बेडूक अल्पावधीतच वस्तीला येतात. त्यामुळे दूषित पाणी निवळण्यासाठी केलेली ही जागा जलचरांना आसरा ठरते की सापळा, हा प्रश्न उद्‌भवतो. अभिकल्पातील बहुतेक मतभेद या एका प्रश्नाशी निगडित आहेत.

रस्त्यावरील पाण्यात टायर झिजून निघालेले रबराचे कण, त्यांतील जस्त, ब्रेकच्या अस्तरांतील तांबे, तेलांश व बहुवलयी हायड्रोकार्बने असतात. कोरड्या दिवसांत साचलेला हा मळ पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर मोठ्या प्रमाणात येतो. थंड प्रदेशांत बर्फ वितळविण्यासाठी टाकलेल्या मिठाची त्यात भर पडते. टायर-रबराचे ओझोनापासून रक्षण करण्यासाठी त्यात मिसळलेले ६-पीपीडी हे रसायन ओझोनाशी विक्रिया होऊन क्विनोनात रूपांतरित होते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात अंडी घालण्यासाठी ओढ्यांत परतणारे कोहो सॅमन मासे पावसानंतर मरत, त्याचे कारण हे क्विनोन असल्याचे २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. असे पाणी वाळू व कंपोस्ट यांच्या थरातून गाळून सोडल्यास मासे वाचतात, हे त्यापूर्वीच प्रयोगांत दिसून आले होते. विषाचे नाव कळण्याआधीच उतारा सापडल्याचे हे एक उदाहरण आहे.

तळ्यातील शुद्धीकरण मुख्यत्वे अवसादनाने होते. कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे दहापट बारीक कणास शंभरपट वेळ लागतो. धातू बहुतांशी बारीक कणांनाच चिकटलेले असल्याने पाणी तळ्यात पुरेसे थांबणे आवश्यक असते. म्हणून तळे रुंदीच्या मानाने लांबट ठेवतात, आगम व निर्गम समोरासमोरच्या टोकांना घेतात आणि आरंभी भरड गाळासाठी एक लहान, खोल गाळकुंड करतात. निर्गम-नळाचे तोंड पाण्याच्या पातळीखाली ठेवल्यास तरंगते तेल आत अडून राहते. मीठ मात्र बसत नाही. खारट पाणी जड असल्याने ते तळाशी थर करून राहते, वरच्या पाण्यात मिसळत नाही, तेथील ऑक्सिजन संपतो आणि गाळात बांधले गेलेले धातू पुन्हा विरघळू शकतात.

या तळ्यांतील जीवसृष्टी अपेक्षेहून समृद्ध असते. फ्रान्समधील मोटारमार्गांलगतच्या तळ्यांचे एक सर्वेक्षण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यांत आसपासच्या इतर तळ्यांच्या तोडीची अपृष्ठवंशी प्राण्यांची कुले आढळली. यावरून प्रदूषण निरुपद्रवी ठरत नाही. सहनशील जाती टिकतात व संवेदनशील जाती गळतात, हे केवळ गणतीत दिसत नाही.

यावरचा उपाय म्हणजे शुद्धीकरणाची व वस्तीची जागा वेगळी करणे. एका मोठ्या तळ्याऐवजी क्रमाने जोडलेली अनेक तळी घेतात. पहिल्यात मळ अडतो व शेवटच्यात जीव सुखाने राहतात. इंग्लंडमधील एम ४२ मार्गावरील हॉपवुड पार्क (१९९९) या विश्रामस्थानी ही मालिका पाहावयास मिळते. ट्रकतळाचे पाणी तेथे आधी गवती पट्टा व खडीचा चर यांतून येते, मग तळ्यांकडे जाते. शक्य असल्यास शेजारी, केवळ शेताचे वा रानाचे स्वच्छ पाणी घेणारे, रस्त्याशी न जोडलेले एखादे डबकेही ठेवावे; अल्प खर्चात त्याचा लाभ फार मोठा असतो.

काठ १:५ किंवा त्याहून सौम्य उताराचे व वाकडेतिकडे असावेत, कारण जलचरांची दाटी गुडघाभर पाण्यातच अधिक असते. सुपीक माती पसरू नये. तीमुळे शैवाल माजते आणि पाणकणीस सारे तळे व्यापते. मासे सोडू नयेत. ते बेडकांची व चतुरांची पिले खातात. गाळ काढताना एका वेळी अर्धेच तळे उपसावे.

रस्ता स्वतःही घातक असतो. ओले वा कोरडे डांबर पाण्याप्रमाणे क्षितिजसमांतर ध्रुवित प्रकाश परावर्तित करते. त्यामुळे फसून मे-माश्या डांबरावरच अंडी घालतात, असे हंगेरीतील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले. बेडूक रस्ता ओलांडताना चिरडले जातात, तर काही उभ्या भिंतींच्या गटारकुंडांत पडून बाहेर येऊ शकत नाहीत. तळ्याच्या दोन्ही बाजूंस वस्ती असल्यास पुलाखालून वाट व कुंपण ही अभिकल्पाचा भाग मानावी लागतात.

भारतात हे शास्त्र जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला. असा लोंढा कोणत्याही तळ्यात मावत नसल्याने तो बाजूने काढून देणारा सांडवा अनिवार्य ठरतो. बुलढाणा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांच्या भरावासाठी तलाव, नाले व शेततळी यांतील माती काढून जलसाठे वाढविले गेले. रस्त्याचे बांधकाम व पाणी यांची ती चांगली सांगड आहे. परंतु रस्त्याचे मलिन पाणी निवळणे हा तिचा हेतू नव्हे, आणि ते पाणी पिण्याच्या साठ्यात वळविणे गैर होय.

डासांची भीती रास्त आहे. भरावासाठी खणलेले खड्डे हिवतापाची उगमस्थाने ठरल्याचा अनुभव रेल्वेमार्गांपासूनचा आहे. डासांच्या नाशासाठी भारतात १९२८ मध्ये आणलेला गँब्यूझिया मासा बेडकांची पिलेही खातो, म्हणून तो येथे सोडणे इष्ट नाही. उष्ण हवेत डासाची वाढ सात ते दहा दिवसांत पुरी होते. पावसाबरोबर येणाऱ्या पँटाला चतुराच्या डिंभास मात्र पाच-सहा आठवडे वा अधिक काळ लागतो. त्यामुळे गाळकुंड चार-पाच दिवसांत कोरडे होईल असे, तर मुख्य तळे किमान दोन महिने पाणी धरील असे बांधणे सोयीचे असते. उन्हाळ्यात ते आटले तरी बिघडत नाही. भारतीय बैलबेडूक अशाच हंगामी, मासे नसलेल्या डबक्यांत प्रजोत्पादन करतो, आणि कोरड्या तळाचा गाळही त्याच काळात काढता येतो.