जवळ गेल्यावर दिसणारे रंग

मुलांनो, आज घरी गेल्यावर एक छोटा प्रयोग करा. जुन्या वर्तमानपत्रातले एखादे रंगीत चित्र घ्या. आंब्याचे असो, क्रिकेटपटूचे असो की साबणाच्या जाहिरातीचे, काही हरकत नाही. त्या चित्रावर भिंग धरा. घरात भिंग नसेल तर आजोबांचा वाचायचा चष्मा क्षणभर मागून घ्या आणि कागदापासून थोडा वर धरून पाहा.

काय दिसले? आंबा नाहीसा झाला! त्याच्या जागी नुसते ठिपके आहेत. पिवळे, निळे, गुलाबी आणि काळे. ज्या जागी हिरवे पान होते, तिथे पिवळे आणि निळे ठिपके एकमेकांना खेटून बसले आहेत, काही एकमेकांवरही चढले आहेत. पानाचा हिरवा रंग छापखान्यात नव्हताच. तो या दोन रंगांनी मिळून आपल्या डोळ्यांसाठी तयार केला.

ठिपक्यांची ही विद्या सव्वाशे वर्षांपूर्वी कष्टाने शिकलेले एक कलावंत आपल्याच नाशिक जिल्ह्यातले होते. त्यांचे नाव तुम्ही सिनेमाच्या संदर्भात ऐकले असेल. ते म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब फाळके. त्यांच्या सिनेमांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी तुम्हांला त्यांच्या एका वाटाण्याविषयी सांगणार आहे.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे होता. १८८५ मध्ये त्याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात तो तैलरंग आणि जलरंग शिकला. तिथेच कॅमेरा हाती आला. फाळक्यांनी काही काळ गोध्र्याला छायाचित्रकाराचा व्यवसाय केला. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गेले. बडोद्याला परत येऊन त्यांनी पुन्हा फोटोचे दुकान मांडले, पण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो असा समज लोकांत पसरला आणि धंदा बसला. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग लोणावळ्याला छापखाना. रंगीत छपाई अधिक चांगली शिकावी म्हणून १९०९ मध्ये ते थेट जर्मनीला जाऊन आले. ब्रश, कॅमेरा आणि छपाईची शाई या तिन्ही गोष्टींत हात बसलेले असे कलावंत त्या काळात फार थोडे होते.

इथे शब्दाची एक गंमत सांगते. उर्दूत आपण चित्राला ‘तस्वीर’ म्हणतो. मराठीने हा शब्द घेतला आणि त्याची ‘तसबीर’ केली. मात्र मराठीत तसबीर म्हटले की भिंतीवर टांगलेले, चौकटीतले चित्र डोळ्यांसमोर येते. ती आपली एका जागी स्वस्थ असते. फाळक्यांना हलणाऱ्या तसबिरीचे वेड लागले.

१९११ साली मुंबईत गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. त्यानंतर त्यांना दुसरे काही सुचेना. रोज चार-पाच तास चित्रपट पाहायचे आणि उरलेला वेळ घरी प्रयोग करायचे. झोप नाही, विश्रांती नाही. व्हायचे तेच झाले. डोळे इतके बिघडले की दिसेनासे झाले. ज्याचे सारे आयुष्य रंगांवर आणि बारीक कामावर चाललेले, त्याच्या डोळ्यांपुढे अंधार! डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी उपचार केले आणि त्यांची दृष्टी परत आली.

डोळे परत मिळाल्यावर या गृहस्थांनी काय करावे? विम्याची पॉलिसी गहाण ठेवली आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तिथे चित्रपट तयार करण्याची रीत पाहिली आणि कॅमेरा मागवून ते परत आले. पण नुसत्या कॅमेऱ्याने चित्रपट होत नाही. नट हवेत, पोशाख हवेत, मुख्य म्हणजे पैसा हवा. घरातले सगळे तर आधीच संपत आले होते. आपल्याला हे काम जमते, हे सावकाराला दाखवायचे कसे?

फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले. कुंडीसमोर कॅमेरा रोवला आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत राहिले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, महिन्याहून अधिक काळ. कॅमेरा हलवायचा नाही, कुंडी हलवायची नाही. तुम्ही थोडा हिशेब करून पाहा. मूकपटात साधारणपणे एका सेकंदाला सोळा चित्रे डोळ्यांसमोरून जात. म्हणजे एका मिनिटाला ९६० चित्रे झाली. ती तीस दिवसांत घ्यायची असतील तर रोज ३२ चित्रे घ्यावी लागतील. आता विचार करा, सकाळच्या आणि सायंकाळच्या चित्रात फरक तो किती असेल? केसाएवढा. पण ती सगळी चित्रे पडद्यावर भराभर दाखवली तेव्हा दाण्यातून कोंब बाहेर आला, त्याने मान वर केली आणि बघता बघता त्याची वेल झाली. महिन्याभराची वाढ सुमारे एका मिनिटात!

‘अंकुराची वाढ’ असे या छोट्या चित्रपटाचे नाव. तो त्यांनी निवडक लोकांना दाखवला. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देण्याची तयारी दाखवली. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो ओळखला जातो. त्यानंतर फाळके नाशिकला आले आणि पुढचे चित्रपट इथे तयार होऊ लागले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचे निधन झाले. पांडवलेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे.

मला या सगळ्यात वाटाणाच मोठा वाटतो. मुंबईत काय कमी होते? समुद्र होता, आगगाडी होती, मोठमोठ्या इमारती होत्या. फाळक्यांनी निवडली ती स्वयंपाकघरातली वस्तू.

त्याच काळात जर्मनीत, बर्लिन शहरात, कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे एक कलाशिक्षक होते. नक्षीकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ते रस्त्याकडेच्या रानटी झाडांचे कोंब, देठ आणि बिया गोळा करीत आणि घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने त्यांची कितीतरी पट मोठी छायाचित्रे घेत. गवतासारख्या झाडाचा कोंब त्या चित्रात एखाद्या मिनाराच्या कळसासारखा दिसे. सुमारे तीस वर्षे हे काम वर्गापुरतेच राहिले. १९२८ मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि या शिक्षकाला जग ओळखू लागले.

फाळक्यांचा वाटाणा काय आणि ब्लॉसफेल्ट यांचे कोंब काय, दोन्ही काळ्या-पांढऱ्या चित्रांत राहिले. आज घरातल्या साध्या मोबाईललाही रंग दिसतात. तेव्हा जवळून फोटो कसा घ्यावा, हे थोडे समजून घेऊ.

निरोगी डोळ्याला साधारण २५ सेंटिमीटर अंतरावरची वस्तू निवांतपणे स्पष्ट दिसते. त्याहून फार जवळ आणली की डोळ्यांवर ताण येतो आणि ती धूसर होते. भिंग ही अडचण दूर करते. मोबाईलच्या काचेपुढे साधे भिंग धरले तरी मुंगी बोटाएवढी दिसते. पण जितके जवळ जावे तितका स्पष्ट दिसणारा भाग कमी होतो. मुंगीचे डोळे नीट आले तर पाय पुसट येतात. शिवाय हाताची जराशी थरथरही मोठी होऊन चित्रात उतरते. म्हणून कोपर भिंतीला किंवा गुडघ्याला टेकवा आणि श्वास रोखून फोटो घ्या. उजेड समोरून नको, बाजूने हवा. तिरप्या उन्हात वस्तूचा खडबडीतपणा दिसतो. दुसऱ्या बाजूला गडद सावली पडली तर तिथे पांढरा कागद धरा. त्यावरून परतलेला उजेड सावलीत शिरतो.

आता नाशिकमध्येच फिरू. जुन्या नाशिकच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर हातोडीचे ठोके मारून मठारकाम करतात. दूरून भांडे नुसते लाल दिसते. जवळ जा. प्रत्येक ठोक्याचा एक छोटा आरसा झालेला असतो आणि त्या प्रत्येकात दुकानाचे दार, आकाश, कारागिराचा सदरा वेगवेगळा पडलेला असतो. चिंचेने घासलेल्या तांब्याचा रंग गुलाबी असतो, न घासलेल्याचा तपकिरी. फार दिवस ओलीत पडून राहिले तर त्यावर निळसर हिरवा थर चढतो. त्याला मराठीत ‘जंगाल’ म्हणतात. ओळखीचा वाटला ना शब्द? उर्दूत ‘जंगार’ म्हणतात तोच हा. जुने चित्रकार आपल्या चित्रांत हा हिरवा रंग वापरीत. दिसायला तो सुंदर असे, पण काही वर्षांनी कागदच खाऊन टाकी! (हा थर विषारी असतो. फोटो घ्या, बोट लावून चाटू नका.)

नाशिकची द्राक्षे तर तुम्ही रोज पाहता. द्राक्षावर पांढुरकी साय असते, ते त्याने स्वतःच तयार केलेले मेण असते. बोट फिरवले की पुसले जाते आणि खालचा रंग उघडा पडतो.

आणि आपला काळा दगड! गोदावरीच्या घाटाला आणि जुन्या वाड्यांच्या जोत्याला तोच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, त्याचा हा दगड झाला. लाव्हारस थंड होताना त्यात वायूंचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे खनिजांचे स्फटिक वाढले. कुठे पांढरे, कुठे फिकट गुलाबी, कुठे पाण्यासारखे हिरवे. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात असे मोठमोठे स्फटिक ठेवले आहेत. पण रस्त्याच्या कडेला फोडलेल्या खडीतही भिंग लावल्यावर चमचमणारे कण दिसतात. काळा म्हणतो तो दगड खरे तर काळा नसतोच.

आता माझ्या वर्गातली गोष्ट सांगते. मी मुलांना ‘सुंदर जागेचा फोटो काढून आणा’ असा अभ्यास दिला होता. दुसऱ्या दिवशी गुलाबाचे अकरा फोटो आले. एक मुलगा मात्र काहीच न आणता आला. त्याच्या वडिलांचे गाड्या दुरुस्तीचे लहानसे गॅरेज आहे, पण हे तो वर्गात कुणाला सांगत नसे. मी विचारले तेव्हा खाली मान घालून म्हणाला, “टीचर, आमच्याकडे सुंदर असं काही नाही. दुकानासमोर नुसता चिखल आहे.”

चूक माझी होती. ‘सुंदर’ हा शब्दच मी वापरायला नको होता. मी त्याला म्हटले, “मग चिखलाचाच घेऊन ये. पण अगदी जवळून.”

त्याने आणलेला फोटो आम्ही मोठा छापून वर्गात लावला. त्यात जांभळ्या, मोरपंखी आणि सोनेरी रंगांची वळणे होती. मुले अंदाज करू लागली. कुणी म्हणाले मोराचे पीस, कुणी म्हणाले अवकाशातून दिसणारा समुद्र. तो मुलगा गप्प बसून राहिला.

ते डबक्यावर तरंगणारे तेल होते. तेलाचा पापुद्रा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असू शकतो. उजेडाचा काही भाग त्याच्या वरच्या पृष्ठावरून परत फिरतो आणि काही खालच्या. हे दोन्ही भाग एकत्र आले की काही रंग एकमेकांना मारतात आणि काही उजळतात. पापुद्र्याची जाडी जागोजाग बदलते, म्हणून रंगही बदलतात. साबणाच्या फुग्यावर आणि तापवलेल्या तांब्यावर दिसणारे रंगही असेच तयार होतात. त्यात रंग म्हणून कुणी काही घातलेले नसते.

दोन दिवस त्या मुलाने उत्तर सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फळ्यावर उत्तर लिहिले आणि खाली गॅरेजचा पत्ताही लिहिला. शाळा सुटल्यावर पाच-सहा जण त्याच्याबरोबर गेले. पण तोवर पाऊस होऊन गेला होता आणि डबके वाहून गेले होते. मुले निघणार इतक्यात त्याच्या वडिलांनी हात पुसले, एका जुन्या ताटलीत पाणी ओतले आणि त्यावर डिझेलचा एक थेंब सोडला.