दगडातलं बी, सोन्यातला जोंधळा

आपल्या गावातल्या नगरपालिकेच्या बागेत एकदा नुसत्या मूर्ती आणि आकृत्या बघण्यासाठी म्हणून फेरी मारा. फाटकाशी एखाद्या थोर पुरुषाचा अर्धपुतळा असतो. आत गेलं, की 'मला वापरा' असं सांगत तोंड वासून उभा असलेला पेंग्विन. पुढे हिरवळीवर सिमेंटचा ससा, एक जिराफ, एक मगर आणि लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली पुरुषभर उंचीची भूछत्रं. पोरं त्यांच्यावर मनसोक्त चढतात, तेव्हा तक्रारीला फारशी जागा नाही. तरी एक गोष्ट चमत्कारिक वाटतेच. जी जागा झाडांसाठी म्हणून राखून ठेवली, तिथल्या शिल्पांत झाडाचा मागमूस नसतो. काटेसावरीचं बोंड, बाहव्याची शेंग, एरंडाचं नक्षीदार बी हे आकार काही पेंग्विनपेक्षा कमी देखणे नाहीत. शिवाय पेंग्विनपेक्षा त्यांचं आपल्याशी नातं बरंच जुनं आहे.

बीजाचंही भव्य शिल्प होऊ शकतं, हे मी पाहिलं ते इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये. मुलीकडे ब्रिस्टलला राहायला गेलो होतो, तेव्हा तिने 'ईडन प्रोजेक्ट' दाखवायला नेलं. चिनी मातीच्या एका जुन्या खाणीत २००१ साली उभं राहिलेलं हे उद्यान. साबणाच्या अवाढव्य बुडबुड्यांसारखे पारदर्शक घुमट, त्यांच्याखाली उष्ण प्रदेशातलं जंगल. तिकीट काढून केळी आणि कॉफीची झाडं बघताना आपल्या माणसाला जरा हसूच येतं. पण त्याच आवारातल्या 'द कोअर' नावाच्या इमारतीत गेलो आणि गप्प झालो.

तिथे पीटर रँडल-पेज या शिल्पकाराने घडवलेलं 'सीड', म्हणजे 'बीज', २००७ साली बसवलं आहे. कॉर्नवॉलच्याच खाणीतला ग्रॅनाइट, वजन ७० टन, उंची साधारण तेरा फूट. दहा टनी ट्रकच्या हिशेबाने सात ट्रक माल! मूळ शिळा तर याच्या दुपटीहून जड होती. जास्तीचा दगड काढून टाकत टाकत हे बी उरलं. त्याच्या अंगावर सुमारे अठराशे गोल उंचवटे आहेत. ते पिळाच्या ओळींनी वर चढत जातात. हे नेमकं कशाचं बी, याचं उत्तर नाही. देवदाराचं बोंड म्हणा, अननस म्हणा, सूर्यफूल म्हणा. सगळ्यांचा थोडाथोडा अंश त्यात आहे.

उंचवट्यांची मांडणी मात्र मनाला येईल तशी केलेली नाही. सूर्यफुलाच्या चकतीवर बियांच्या वळणदार ओळी असतात. एका दिशेने वळणाऱ्या ओळी मोजल्या तर बहुधा ३४ भरतात, उलट दिशेच्या ५५. फूल मोठं असेल तर ५५ आणि ८९. अननसावर साधारणपणे ८ आणि १३. हे आकडे एकाच माळेतले आहेत : १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९. मागच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा. झाडाला अर्थातच बेरीज येत नाही. वाढत्या टोकावर नवा अंकुर फुटतो, तो आधीच्या अंकुरांच्या गर्दीतून जिथे सर्वांत मोकळी जागा मिळेल तिथे. लोकलच्या डब्यात शिरणारा माणूस जे करतो, तेच. त्यामुळे प्रत्येक अंकुर आधीच्यापासून सुमारे १३७.५ अंशांवर येतो आणि त्यातून या ओळी आपोआप तयार होतात.

जगात ही माळ इटलीच्या फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. त्याचा ग्रंथ १२०२ सालचा. आपल्याकडे छंदशास्त्राच्या पंडितांना ती त्याच्या आधीच ठाऊक होती. बाराव्या शतकाच्या मध्याला हेमचंद्राने तिचा नियम नोंदवून ठेवला. शाळेत मराठीच्या तासाला आपण लघु-गुरू केलं, तीच ही वाट. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. आता चार मात्रांची ओळ किती प्रकारांनी होईल? चार लघू, एक गुरू आणि दोन लघू, त्याचे तीन प्रकार, किंवा दोन गुरू. एकूण पाच. पाच मात्रांचे आठ प्रकार, सहांचे तेरा. कवितेचा ताल आणि सूर्यफुलाची चकती एकाच हिशेबाला यावी, याची गंमत आयुष्यभर आकडेमोड केलेल्या माझ्यासारख्या माणसाला अजूनही वाटते.

वनस्पतींकडे असं निरखून बघायला युरोपातल्या पुष्कळांना शिकवलं ते कार्ल ब्लॉसफेल्ट या जर्मन माणसाने. जन्म १८६५ चा. तरुणपणी लोखंडाच्या ओतशाळेत उमेदवारी केली, पुढे बर्लिनच्या कलाशाळेत शिकवू लागला. विद्यार्थ्यांना नमुने हवेत म्हणून स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने त्याने कोंब, बोंडं, बिया, कळ्या यांची छायाचित्रं घेतली, काही तर मूळच्या तीसपट मोठी. नेच्याचा गुंडाळलेला कोंब त्यात धर्मगुरूच्या दंडासारखा दिसतो, एखादं देठ लोखंडी कठड्याच्या खांबासारखं. तीसेक वर्षं हे काम चाललं आणि त्यांचं पुस्तक निघालं १९२८ साली, ब्लॉसफेल्टच्या वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी! एका रात्रीत तो प्रसिद्ध झाला. साठी उलटलेल्या वाचकांनी या तपशिलाची खास नोंद घ्यावी.

पण यासाठी बर्लिनला जायची गरज आहे का? आपल्या देवळाच्या शिखराकडे मान वर करून पाहा. नागर पद्धतीच्या शिखरावर, कळसाच्या खाली, खाचाखाचांचं एक चपटं दगडी चाक असतं. त्याचं नाव आमलक. आमलक म्हणजे आवळा. खऱ्या आवळ्यावर सहाच पुसट रेषा असतात. पाथरवटाने त्या वाढवल्या, खोल केल्या आणि आवळा देवाच्या माथ्यावर नेऊन ठेवला. बुद्धाच्या आणि विष्णूच्या पायाखाली कमळ, अजिंठ्याच्या छतांवर कमळं. वारली चित्रकाराचा तर रंगच मुळी तांदळाच्या पिठाचा. बी दळून, पाण्यात कालवून त्याच बीचं शेत भिंतीवर उभं करायचं, यापेक्षा बीजाशी जवळीक ती काय असणार?

आणि मग आपले दागिने. बोरमाळ, जोंधळी पोत, गहू तोडे. पैठणीच्या पदरावरची कोयरी. आमच्या सोनारांनी धान्याच्या कोठीतून आणि परसातल्या झाडांवरूनच आकार उचलले.

मला हे उमगलं ते बँकेच्या काउंटरवर. नोकरीतली माझी बरीच वर्षं मराठवाड्यातल्या शाखांत गेली. मृगाच्या आधीचे पंधरा-वीस दिवस सोनेतारण कर्जासाठी रांग लागायची. आमचा व्हॅल्युअर एकेक डाग कसोटीवर घासायचा आणि मी रजिस्टरात लिहायचो : बोरमाळ एक, जोंधळी पोत एक. नोंद ग्रॅममध्ये होई, पण म्हाताऱ्या व्हॅल्युअरच्या तोंडी अजून गुंजाच असत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. गुंज म्हणजे ती लाल, काळ्या टोकाची बी. बीच्या आकाराचं सोनं बीनेच तोलायचं!

ती पोत गहाण पडायची कशासाठी? बियाण्यासाठी. पुष्कळदा तर हायब्रीड ज्वारीच्या पिशवीसाठी. त्याच बायकांच्या सासवांनी खळ्यावरची निवडक कणसं बाजूला काढली होती, राख आणि लिंबाचा पाला घालून मडक्यात बी जपलं होतं. हायब्रीडने उत्पन्न वाढवलं, त्या दुष्काळी मुलखात ते हवंच होतं. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याचं बी घरात धरता येत नाही. पुढच्या पिढीत तो गुण टिकत नाही, दर साली नवी पिशवी आणावी लागते. एक आजीबाई कर्ज फेडून पोत सोडवायला आल्या होत्या, त्या आठवतात. काउंटरवर पोत पसरून त्यांनी एकेक मणी मोजून घेतला, धान्य निवडावं तसा. घरात तेवढाच जोंधळा पिढ्यान्‌पिढ्यांचा उरला होता. तो सोन्याचा होता आणि उगवणारा नव्हता.

म्हणून दगडातल्या किंवा सोन्यातल्या बीजाकडे बघताना मनात आनंदाबरोबर थोडी धाकधूकही असते. आपण ज्याचं शिल्प करतो, ते पुष्कळदा हातातून निसटत असतं.

मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) या मुंबईत जन्मलेल्या शिल्पकर्तीचं काम मला याच कारणाने आवडतं. मागाचा आधार न घेता, तागासारख्या जाड दोराला हातांनी गाठीवर गाठ मारत तिने माणसाहून उंच आकृती घडवल्या. फूल उमलतंय की देवता उभी आहे, हे कळू नये अशा. वनस्पतीचं शिल्प वनस्पतीच्याच धाग्यातून! २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. आपल्याकडच्या किती घरांत तिचं नाव माहीत आहे?

जिवंत बीजांसाठीही आता बँका निघाल्या आहेत. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात डोंगराच्या पोटात, उणे १८ अंशांत, जगभरचं बियाणं २००८ पासून ठेवलं जातं. तिथला व्यवहार थेट आमच्या लॉकरसारखा : पेटी ठेवणाऱ्याचीच मालकी, बँकेने उघडायची नाही. पहिली उचल झाली २०१५ साली, सीरियातल्या युद्धाने तिथल्या संशोधन केंद्राचं काम विस्कटलं तेव्हा. पुढे पीक घेऊन त्यांनी ठेव परतही भरायला घेतली. असा खातेदार मिळाला असता तर आम्ही त्याचा सत्कार केला असता! आणि आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बँक घरातच उभी केली. २०२० च्या पद्मश्रींत त्यांचं नाव होतं. त्यांची बँक स्वालबार्डहून एका बाबतीत सरस आहे. तिथलं बी दर हंगामात रानात जातं आणि बदलत्या पावसाशी जुळवून घेत घरी परत येतं.

माझी एक सूचना आहे. यापुढे एखाद्या नगरपालिकेने बागेसाठी शिल्पाचं टेंडर काढलं, तर एक ससा कमी करावा आणि त्या पैशांत आपल्याच काळ्या पाषाणाचं एक बी करून घ्यावं. एरंडाचं, पांगाऱ्याचं, चिंचोक्याचं, ज्या भागात जे उगवतं त्याचं. पोरांना चढता येईल एवढं मोठं असावं. शेजारी एक कोनाडा करून त्यात त्याच झाडाचं मूठभर खरं बी ठेवावं, ज्याला हवं त्याने न्यावं. रखवालदाराने हटकू नये, एवढं मात्र ठरावात लिहून घ्यावं.

तोवर घरच्या घरी सुरुवात करता येईल. पुढच्या वेळी अननस आणलात, की सुरी लावण्याआधी तो नातवंडांच्या हाती द्या. एका दिशेच्या तिरक्या ओळींना खडूने खुणा करून मोजायला सांगा, मग उलट दिशेच्या. आठ आणि तेरा आले, तर लघु-गुरूचा हिशेब समजावून सांगा. नाहीच आले, तर पुन्हा मोजायला लावा. रोख जुळेपर्यंत आम्हीही घरी जात नसू.