घरचा जमाखर्च

देशाचे अर्थमंत्री दरवर्षी लोकसभेपुढे अंदाजपत्रक मांडतात, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल. स्वतंत्र भारताचे पहिले अंदाजपत्रक २६ नोव्हेंबर १९४७ रोजी षण्मुखम् चेट्टी यांनी मांडले. येत्या काळात किती पैसा येईल आणि तो कोणकोणत्या कामी लागेल, याचा आधीच केलेला विचार म्हणजे अंदाजपत्रक होय. जी गोष्ट एवढ्या मोठ्या देशाला आवश्यक वाटते, ती चारपाच माणसांच्या घराला अनावश्यक कशी असेल? मिळकत थोडी, तेव्हा हिशेब तरी कसला ठेवायचा, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः गोष्ट उलट आहे. ज्याच्याजवळ पैसा विपुल आहे त्याची एखादी चूक खपून जाते. पण ज्याची मिळकत बेताची, त्याला प्रत्येक रुपया कोठे गेला हे ठाऊक असावे लागते.

मुलांनो, तालुक्याच्या गावी राहणारे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. आजी, आईवडील व दोन मुले अशी घरात पाच माणसे. वडील एका दुकानात नोकरी करतात. त्यांना दरमहा १५,००० रुपये मिळतात. आई शिवणकाम करून ५,००० रुपये मिळविते. जमेची बाजू झाली २०,००० रुपयांची. आता खर्चाची बाजू पाहा. घरभाडे ४,०००, वाणसामान, दूध, भाजीपाला व गॅस मिळून ८,५००, वीज, पाणी व मोबाइल १,२००, जाण्यायेण्याचा खर्च १,३००, आणि आजीचे औषधपाणी १,०००. बेरीज होते १६,०००. म्हणजे ४,००० रुपये शिल्लक उरावयास हवेत. परंतु महिनाअखेर पाहावे, तर हाती काहीच नाही! मग हे पैसे गेले कोठे?

त्यांतील काही गेले किरकोळ खर्चात. शाळेतून येताना रोज २० रुपयांचा खाऊ विकत घेतला, तर महिन्याचे ६०० आणि वर्षाचे ७,३०० रुपये होतात. नोट निदान हातातून जाताना दिसते. मोबाइलवरून दिलेले पैसे जाताना दिसतही नाहीत. म्हणून असा खर्च त्याच दिवशी वहीत टिपून ठेवावा.

उरलेले गेले वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांत. जूनमध्ये वह्या, गणवेश, छत्र्या व शाळेचा इतर खर्च यांसाठी ९,००० रुपये लागतात. दिवाळीला ८,०००, लग्नकार्ये व प्रवास यांना ४,०००, आणि भांडीकुंडी व दुरुस्ती यांना ३,०००. हे खर्च अचानक उपटले, असे आपण म्हणतो. परंतु मे महिन्यानंतर जून येणार हे काय कोणाला ठाऊक नसते? दिवाळीचा दिवस तर पंचांगात आधीच छापलेला असतो. या खर्चांची बेरीज २४,००० होते. तिला बाराने भागले, की दरमहा २,००० रुपये बाजूला ठेवावे लागतील हे कळते. उरलेल्या २,००० पैकी ५०० रुपये किरकोळ खर्चाला ठेवून १,५०० रुपये शिल्लक टाकता येतात. वर्षाअखेरीस त्यांचे १८,००० होतात. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खर्च करून जे उरेल ते शिल्लक टाकू, असे म्हणणाऱ्याजवळ बहुधा काही उरत नाही. पगार हाती येताच शिल्लक आधी बाजूला काढावी आणि उरलेल्या रकमेत महिना बसवावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, या म्हणीचा अर्थ हाच आहे.

या शिलकेचे मोल संकटाच्या दिवशी कळते. समजा, घरात कोणी आजारी पडले आणि १०,००० रुपयांची गरज लागली. गाठी काही नसेल, तर कर्ज काढावे लागते. सावकाराने दरमहा शेकडा ३ रुपये व्याज लावले, तर महिन्याला ३०० व वर्षाला ३,६०० रुपये व्याजातच जातात; मुद्दल तेवढेच राहते. शिल्लक असली, म्हणजे दुसऱ्याच्या दाराशी उभे राहण्याची पाळी येत नाही.

परंतु हिशेबाचा याहूनही मोठा एक उपयोग आहे. ज्या घरात हिशेब नसतो त्या घरात काटकसर होतच नाही, असे नव्हे. ती होते, पण जो मुकाट्याने सोसतो त्याच्या वाट्याला येते. दूध कमी पडले, की आई स्वतःचा चहा कोरा घेते. भाजी संपली, की शेवटी जेवणारी बाई चटणीशी भाकरी खाते. आजी औषधाची गोळी एक दिवसाआड घेऊ लागते. वह्यापुस्तकांना पैसे अपुरे पडले, तर मुलीनेच शाळा सोडावी, असा विचारही काही घरांत होतो. ही काटकसर नव्हे, हा अन्याय आहे. जमाखर्च सर्वांसमोर मांडला, म्हणजे कोणता खर्च टाळण्याजोगा आहे आणि कोणता मुळीच टाळता कामा नये, हे सर्वांना दिसते. पोटाचे अन्न, औषध आणि शिक्षण यांना कात्री लावून साठविलेला पैसा घराला दुबळे करतो.

मग काटकसर कोठे करावी? जेथे वस्तू वाया जाते तेथे. साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा दिवा रोज पाच तास लावला, तर महिन्याला ९ युनिट वीज जळते. त्याच्याइतकाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा दीड युनिटही घेत नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा, उन्हाळ्यातच घातलेले पापड-कुरडया, थोरल्या भावंडाची पुस्तके धाकट्याने वापरणे, या रीती आपल्या घरांत जुन्याच आहेत. त्यांत लाज वाटण्याजोगे काही नाही.

साठविलेला पैसा कोठे ठेवावा, हाही विचार केला पाहिजे. डाळीच्या डब्यात ठेवलेल्या नोटांना व्याज मिळत नाही. टपाल खात्याची बचत बँक आपल्या देशात १८८२ सालापासून आहे. दहा वर्षांवरील मुलांना तेथे स्वतःच्या नावाने खाते उघडता येते. गावोगावच्या स्त्रियांनी बचत गटांचा मार्गही धरला आहे. दहा ते वीस जणी एकत्र येतात, दरमहा ठरलेली रक्कम जमा करतात आणि गरजू सभासदाला त्यातून कर्ज देतात. असे गट बँकांशी जोडण्याची योजना नाबार्डने १९९२ साली सुरू केली. एकटीच्या हाती जे दिसत नव्हते, ते बळ अशा गटामुळे अनेकींना लाभले.

मुलांनो, हिशेब हे केवळ मोठ्यांचे काम आहे, असे समजू नका. एक साधी वही घ्या. डाव्या बाजूला जमा व उजव्या बाजूला खर्च लिहा. आपल्या खाऊच्या पैशांपासून आरंभ करा. महिनाअखेर आईवडिलांजवळ बसून घरचा जमाखर्च समजून घ्या. एखादी वस्तू हवीशी वाटली, तर ती कोणाच्या वाट्यातून येणार आहे, हे त्या वहीत पाहा आणि मगच ती मागा.