पट्टेदार गुलाबाची राखण

हिंजवडी म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या काचेच्या इमारती आणि वाकडच्या पुलाकडे मुंगीच्या पावलांनी सरकणारी वाहनांची रांग. पण याच हिंजवडीत अजून गावठाण आहे, म्हातोबाचं देऊळ आहे, दोन-चार जुनी अंगणं आहेत. आणि नव्या सोसायट्यांच्या बाल्कन्यांतून कुंड्यांची दाटी आहे. अंगण असो वा बाल्कनी, एक तरी गुलाब असतोच. आज मला बोलायचंय ते गुलाबातल्या एका लहरी मंडळीविषयी, म्हणजे पट्टेदार गुलाबाविषयी.

काही वर्षांपूर्वी गावठाणातल्या एका आजींनी मला निरोप धाडला. जुनं घर पाडून नवं बांधायचं होतं आणि अंगणातला गुलाब नेमका पायाच्या आखणीत येत होता. मी गेले तर झाड चांगलं पुरुषभर उंच, फुलांनी लगडलेलं. आजी म्हणाल्या, "ताई, हा आमच्या ह्यांनी लावलेला. रेघांचा गुलाब होता. लोक बघायला यायचे. आता रेघाच येईनात. कुणाची दृष्ट लागली का काय!"

फुलं सगळी एकरंगी, गडद गुलाबी. मी वाकून खाली पाहिलं. बुंध्याजवळ, सावलीत, एक काडीसारखी बारीक फांदी होती आणि तिच्यावर एकच फूल होतं. गुलाबी पाकळ्यांवर पांढऱ्या रेघा! दृष्ट वगैरे काही लागली नव्हती. आजींनी दरवर्षी नेमानं, चांगली छाटणी केली होती. त्या छाटणीनंच रेघा घालवल्या होत्या.

हे कसं झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. एखाद्या साध्या गुलाबाच्या झाडावर अचानक एका फांदीला वेगळी फुलं येतात. या आपोआप झालेल्या बदलाला बागकामातले लोक 'स्पोर्ट' म्हणतात. त्या फांदीचे डोळे घेऊन कलमं केली की नवी जात तयार होते. पट्टेदार गुलाबांपैकी कित्येक जाती अशाच जन्मल्या. आजींचं झाड दिसत होतं 'केअरलेस लव्ह' या जातीचं. ही जात 1955 सालची, 'रेड रेडियन्स' या जुन्या एकरंगी गुलाबाचा स्पोर्ट. युरोपातला 'रोझा मुंडी' हा पट्टेदार गुलाब तर कित्येक शतकं जुना आहे आणि तोही असाच एका एकरंगी गुलाबापासून आलेला.

आपल्याकडे हा बदल माणसानं मुद्दाम घडवूनही आणला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 1970च्या दशकात 'किस ऑफ फायर' या गुलाबावर किरणांचा प्रयोग करून 'अभिसारिका' ही पट्टेदार जात मिळवली गेली. हा हायब्रीड टी गटातला, म्हणजे लांब दांड्यावर एकेक मोठं, टोकदार कळीचं फूल देणारा गुलाब. रोपवाटिकेत चौकशी केलीत तर ही नावं ऐकायला मिळतील.

आता रेघा येतात कशानं? सतराव्या शतकात हॉलंडमध्ये पट्टेदार ट्यूलिपच्या कंदांसाठी लोकांनी वेड्यासारखे पैसे मोजले होते. ते पट्टे पुढे विषाणूचे निघाले. तो एक रोगच होता आणि त्यानं कंद दुबळे होत जात. गुलाबाच्या रेघा हा तसा रोग नव्हे. शेजारच्या झाडाला तो लागेल अशी भीती नको. हा रंगाच्या जनुकांचा चंचलपणा आहे. अनेक पट्टेदार फुलांत असं आढळतं, की रंग बनवणाऱ्या जनुकात दुसराच एक तुकडा येऊन बसलेला असतो आणि रंगाचं काम बंद पडतं. पाकळी घडत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा उठून गेला, की तिथं रंग परत सुरू होतो. हे लवकर घडलं तर रुंद पट्टा उमटतो, उशिरा घडलं तर नुसता शिंतोडा. जागा बदलणाऱ्या या जनुकांचा शोध बार्बरा मॅक्लिंटॉक या शास्त्रज्ञ बाईंना मक्याच्या रंगीबेरंगी दाण्यांत लागला आणि त्यासाठी 1983 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणून पट्टेदार गुलाबाची दोन फुलं कधी सारखी नसतात. आणि म्हणूनच एखादी अख्खी फांदी परत एकरंगी होऊन बसते, आपल्या मूळ वळणावर जाते. अशी फांदी बहुधा जास्त जोमदार असते. इथंच मेख आहे. छाटणीचा आपला सर्वसाधारण नियम काय? बारीक काड्या काढा, जाड, निरोगी फांद्या ठेवा. आजींनी तेच केलं. वर्षानुवर्षं जाडजूड एकरंगी फांद्या राखल्या आणि बारीक पट्टेदार काड्या कापून टाकल्या. नियम बरोबर, पण या झाडाला तो लावताना आधी फूल पाहायला हवं.

अडचण अशी, की ऑक्टोबरात छाटणी करताना झाडावर फुलं नसतात. मग ओळखायचं कसं? सोपा उपाय आहे. झाड फुललेलं असताना चांगल्या रेघांच्या फांद्यांना रंगीत लोकरीचा धागा सैलसर बांधून ठेवा. एकरंगी फुलं देणारी फांदी दिसली, की ती जिथून फुटली तिथपासून मुळातून काढा. कितीही टवटवीत असली तरी. हात धजावत नाही, मला माहीत आहे. पण ती ठेवाल तर दोन-चार वर्षांत झाड तिचंच होतं.

आणखी एक फसगत होते. गुलाब हा रानटी गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेला असतो. जोडाच्या खालून फुटवा आला तर तो खुंटाचा. त्याची पानं लहान असतात, एका पानात बहुधा सात पर्णिका दिसतात. पण मोजण्यात चूक होऊ शकते, म्हणून फुटवा कुठून निघाला ते माती बाजूला सारून पाहा आणि जोडाखालचा असेल तर उगमापासून काढून टाका.

बाकी निगा इतर गुलाबांसारखीच. रोज पाच-सहा तास ऊन हवं. कुंडी बारा ते चौदा इंचांची घ्या, तळाला भोक मोकळं ठेवा. माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड एवढं पुरे. हिंजवडीत पाऊस पुणे शहरापेक्षा जास्त. त्या दिवसांत पानांवर काळे ठिपके पडतात. ती पानं आणि खाली गळलेलीही उचलून टाका. उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी घालावं लागलं तर कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची उपासमार. चिलेटेड लोह दिल्यानं फरक पडतो.

मोठी छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यात करा. तीन ते पाच फांद्या ठेवून बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर तिरका काप घ्या आणि कापाला बोर्डो पेस्ट लावा. साधारण सहा-सात आठवड्यांत फुलं येतात. कळीच्या बाजूच्या लहान कळ्या वेळीच खुडल्या तर मधलं फूल मोठं होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला हलकी छाटणी केलीत, तर जानेवारीअखेर एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाच्या सुमाराला झाड फुलावर असेल.

फुलं मांडायची कशी? सकाळी ऊन चढायच्या आत कापा आणि लगेच पाण्यात ठेवा. कळीत रेघा दिसत नाहीत आणि पूर्ण उमललेल्या फुलात गोंधळ दिसतो. अर्ध्याहून थोडं अधिक उमललेलं फूल सर्वांत देखणं. पाण्यात बुडणारी पानं काढा, दांडा पुन्हा एकदा तिरका कापा. फुलदाणी साधी, बिननक्षीची हवी. साधा काचेचा पेला किंवा पितळी तांब्यासुद्धा शोभतो. फुलातच नक्षी आहे, भांड्यावर आणखी कशाला? एक किंवा तीन फुलं, सोबत त्याचीच पानं. इतर रंगीत फुलांच्या गर्दीत रेघा हरवून जातात. तीन फुलं घ्याल तर एक रुंद पट्ट्याचं, एक बारीक रेघांचं आणि एक नुसत्या शिंतोड्यांचं घ्या. एकाच झाडाची ही तीन रूपं पाहुण्यांना खरी वाटत नाहीत.

आजींच्या झाडाचं सांगायचं राहिलं. एवढं जुनं झाड हलवलं असतं तरी जगेल याचा भरवसा नव्हता, आणि जगलं असतं तरी ते एकरंगीच. म्हणून थंडीत त्या बारीक फांदीवरचे पाच डोळे काढले. खुंटाच्या सालीला इंग्रजी टी आकाराची चीर देऊन डोळे भरले, पट्टीनं बांधले. तीन आठवड्यांनी पाहिलं तर तीन डोळे हिरवे होते, दोन काळे पडले होते. तिन्हींपैकी एका कलमाला पुढं एकरंगीच फुलं आली. उरली दोन. एक माझ्याकडे आहे, एक आजींच्या नव्या घराच्या गच्चीवर.

मागच्या हिवाळ्यात गेले तेव्हा आजींनी कात्री हातात घेतली होती. एका फांदीवर एकरंगी कळी उमलत होती. "फूल चांगलंय हो," त्या म्हणाल्या, "पण ह्यांचं नाही." आणि फांदी मुळातून कापून त्यांनी ते फूल देवापुढं ठेवलं.