चांदीचे मोजे आणि तळ्यातले शेवाळ

कंबर तलाव हिरवा दिसला की आपण नाक मुरडतो. सांडपाण्याने माजलेले शेवाळ वाईटच. पण एरवी शेवाळच पाण्याला प्राणवायू देते, माशांचे अन्नही तिथूनच सुरू होते.

‘घामाचा वास येणार नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मोज्यांत चांदीचे नॅनोकण असतात. मिलिमीटरचे १० लाख भाग करा, त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. हे कण फार तर १०० नॅनोमीटरचे. अमेरिकेत २००८ साली संशोधकांनी असे मोजे पाण्यात हलवले, तर काहींतली चांदी पाण्यात उतरली. अशा चांदीने गोड्या पाण्यातल्या शेवाळाची अन्न बनवण्याची क्रिया मंदावते.

भाजलेल्या जखमेवर चांदीचे मलम आम्हीच लावत आलो. तिथे ते हवेच. मोज्यांना साबण लावा, उन्हात टाका. सोलापुरात उन्हाला काय तोटा!